न मागितलेल्या तपासणीचे बिल : गर्भवतीच्या होकाराचा महाराष्ट्रातील इतिहास

(दीर्घ धागा. सवडीने वाचावा.)

१/
पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना कोरेगाव भीमा ओलांडले की सणसवाडी लागते. एकेकाळचे हे शेतकऱ्यांचे गाव आज कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांनी वेढलेले आहे. माझा दादा तिथे टेम्पो चालवतो. वहिनी घरी शिवणकाम करते. गेल्या वर्षी वहिनीचा तिसरा महिना संपत आला असताना तिच्या हातात एका खासगी रुग्णालयाचे बिल पडले. सोनोग्राफी आणि नेहमीच्या रक्त-लघवीच्या तपासण्यांखाली तीन अनोळखी ओळी होत्या : डबल मार्कर ३,१०० रुपये, थॅलेसेमिया १,३०० रुपये, थायरॉइड ५५० रुपये. एकूण ४,९५०. वहिनीने मला विचारले, "ताई, ह्या तपासण्या करा म्हणून मी कुणाला सांगितलं होतं?"

२/
हातातून रक्त एकदाच काढले गेले होते. त्या रक्ताचे पुढे काय होणार आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मी इतिहासाची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्र मला कळत नाही आणि वकिलीही येत नाही. परंतु तिच्या प्रश्नाचा माग काढू लागले तेव्हा ध्यानी आले की, त्यात दोन जुने प्रश्न दडले आहेत. गर्भवती स्त्रीच्या शरीराविषयी निर्णय कोण घेणार? आणि त्या निर्णयाचा खर्च कोणी सोसायचा? या दोन प्रश्नांचा आपल्या प्रांतातील इतिहास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे, आणि त्याचे अनेक टप्पे मुंबई, पुणे आणि दौंड परिसरात घडले आहेत.

३/
आरंभ खर्चाच्या प्रश्नापासून करू. सणसवाडीपासून जवळच, पेरणे फाट्यापाशी भीमेच्या काठी विजयस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले होते. त्याच वर्षी ते मुंबई विधिमंडळाचे नामनियुक्त सदस्य झाले. २८ जुलै १९२८ रोजी त्यांनी सभागृहात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देणारे भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणूनच त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

४/
१९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूतिलाभ कायदा केला. या प्रकारचा तो देशातील पहिला कायदा. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली केंद्राचा कायदा आला. त्यातील एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते : मालकाने प्रसूतिपूर्व व प्रसूत्युत्तर देखभालीची मोफत सोय केली नसेल, तर त्याने कामगार स्त्रीला 'वैद्यकीय बोनस' द्यायचा. आरंभी ही रक्कम होती २५ रुपये. १९८८च्या दुरुस्तीने ती २५० झाली, २००८च्या दुरुस्तीने १,००० आणि पुढे ३,५००. गर्भवतीच्या तपासणीचा खर्च ही एकट्या कुटुंबाची बाब नाही, हे तत्त्व या आकड्यांमागे आहे.

५/
मात्र या साऱ्या कायद्यांना एक उंबरठा आहे. ज्या स्त्रीचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर आहे, तिच्यापर्यंतच ते पोहोचतात. घरी मशीनवर ब्लाउज शिवणारी माझी वहिनी त्या उंबरठ्याबाहेर उभी आहे. सरकारी रुग्णालयांत तिच्यासाठी सोय आहे : २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गर्भवतीच्या आवश्यक तपासण्या आणि बाळंतपण मोफत आहे, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची विशेष तपासणी होते. पण घराजवळचे, संध्याकाळी उघडे असणारे म्हणून ती खासगी रुग्णालयात गेली. तिथे तिच्या हाती एकच दस्तऐवज उरतो, तो म्हणजे बिल. आता निर्णयाच्या प्रश्नाकडे वळू.

६/
६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या वाळूवर एका विशीतल्या तरुणाचा अपघात झाला आणि डाव्या मांडीचे हाड मोडले. त्याचे वडील स्वतः डॉक्टर. दौंडला व्यवसाय करीत. त्यांनी पुण्याहून टॅक्सी मागवली. सुमारे ११ तासांचा आणि २०० मैलांचा प्रवास करून ९ मेच्या पहाटे मुलाला पुण्यात आणले आणि एका शल्यविशारदाच्या रुग्णालयात दाखल केले. सर्व ठीक आहे असे आश्वासन मिळाल्यावर वडील आपल्या रुग्णांसाठी दौंडला परतले. त्याच रात्री मुलाचा मृत्यू झाला.

७/
योग्य भूल न देता, जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. भरपाई मंजूर झाली ३,००० रुपये. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ मे १९६८ रोजी वडिलांच्या बाजूने अंतिम निकाल लागला. कायद्याच्या पुस्तकांत 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने हा निकाल आजही शिकवला जातो. वडील स्वतः डॉक्टर होते. वैद्यकीय भाषा त्यांना येत होती. तरीही त्यांना १५ वर्षे लागली.

८/
या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणते उपचार द्यावेत हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि ते उपचार काळजीपूर्वक करणे. तिन्ही वाक्यांचा कर्ता डॉक्टर आहे. रुग्णाचा होकार हा त्या खटल्यातील वादाचा मुद्दाच नव्हता. त्या काळी समाजाची समजूतही तशीच होती. डॉक्टर म्हणजे देव, आणि देवाला कोणी हिशेब विचारीत नाही. पुढील चाळीस वर्षांत ही समजूत कशी बदलली, हा या धाग्याचा मुख्य विषय आहे.

९/
पहिला बदल दवाखान्याबाहेर घडला. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. भेसळ, वजनातील फसवणूक, टंचाईच्या काळातील साठेबाजी हे तिचे आरंभीचे विषय. पण तिने एक सवय लावली : पैसे देणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो, ही. २४ डिसेंबर १९८६ रोजी देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्यातून जिल्हा पातळीवर ग्राहक मंच आले. दिवाणी दाव्याच्या मानाने ही वाट सोपी आणि स्वस्त होती.

१०/
डॉक्टरची सेवा ही ग्राहकाने विकत घेतलेली 'सेवा' आहे काय? यावर मोठे वादळ उठले. डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे होते की, वैद्यकी हा व्यवसाय उदात्त आहे, त्याला दुकानदारीचा कायदा लावू नये. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या प्रकरणात निर्णय दिला : मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा कायद्याच्या कक्षेत येते. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत तपासतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहकच. सर्वांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालये तेवढी या कक्षेबाहेर राहिली.

११/
याच सुमारास गर्भवतीच्या तपासणीचा इतिहास एका वेगळ्याच वळणाने पुढे जात होता. गर्भजलपरीक्षा भारतात आली १९७०च्या दशकात, सरकारी संस्थांमधून, आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी. लवकरच तिचा वापर मुलगी ओळखण्यासाठी होऊ लागला. सरकारी संस्थांत त्यावर बंदी आली. खासगी दवाखान्यांवर कोणाचे बंधन नव्हते. आज तपासणीचे थोडे पैसे भरा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती झळकल्या. स्त्रीच्या पोटातील गर्भाची तपासणी विक्रीची वस्तू बनली, आणि तिचा निर्णय बहुधा स्त्रीच्या नावाने इतर कोणी घेत असे.

१२/
१९८०च्या दशकाच्या मध्यात मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर आणि विज्ञान कार्यकर्ते यांनी लिंगनिदानविरोधी मंच उभारला. मोर्चे, परिसंवाद, आमदारांच्या भेटी असा लढा चालला. परिणामी १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदानतंत्राच्या वापराचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. त्यानंतर १९९४ मध्ये संसदेने देशव्यापी कायदा केला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो अंमलात आला. आपण त्याला 'पीसीपीएनडीटी' म्हणून ओळखतो. सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवरील 'येथे लिंगनिदान केले जात नाही' ही पाटी त्याचीच खूण.

१३/
त्या पाटीमुळे या कायद्याची एकच बाजू आपल्या स्मरणात राहिली. त्याचे कलम ५ मात्र क्वचितच वाचले जाते. प्रसवपूर्व निदानाची प्रक्रिया करण्यापूर्वी डॉक्टरने तीन गोष्टी करायच्या, असे ते सांगते. एक, प्रक्रियेचे ज्ञात दुष्परिणाम त्या स्त्रीला समजावून सांगायचे. दोन, तिला समजणाऱ्या भाषेत, विहित नमुन्यात तिची लेखी संमती घ्यायची. तीन, त्या संमतीची प्रत तिलाच द्यायची. संमती नवऱ्याची नव्हे, सासूची नव्हे, त्या स्त्रीची. आणि भाषा तिची.

१४/
इथे एक बारकावा आहे, तो लपवणे योग्य ठरणार नाही. कायद्यातील 'प्रसवपूर्व निदान चाचणी'ची व्याख्या व्यापक आहे; गुणसूत्रांतील दोष शोधण्यासाठी केलेली गर्भवतीच्या रक्ताची चाचणीही तीत बसते. पण संमतीचा विहित नमुना, म्हणजे 'नमुना जी', हा गर्भजल किंवा गर्भावरणाचा अंश सुईने काढण्यासारख्या प्रक्रियांसाठी आहे. सोनोग्राफीसाठी 'नमुना एफ' भरतात. साध्या सुईने दंडातून काढलेल्या रक्तासाठी मात्र कागदाचा आग्रह सैल पडतो. वहिनीच्या बिलावरील ती ओळ नेमकी या सैल जागेतून आत आली होती.

१५/
कायदा झाला तरी अंमलबजावणी होईना, तेव्हा २००० साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्ते तीन : मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' (महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ) आणि डॉ. साबू जॉर्ज. पुरंदर आणि पारनेरच्या खेड्यांत स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. न्यायालयाच्या आदेशांनंतर सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी आणि नोंदी यांना शिस्त आली. २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा कागद आज जपला जातो, तो या लढ्यामुळे.

१६/
न विचारता केलेल्या तपासणीचे आणखी एक प्रकरण त्याच पिढीने पाहिले : एचआयव्ही. साथीचा अंदाज घेण्यासाठी प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या स्त्रियांच्या उरलेल्या रक्ताचे नमुने, नाव पुसून, तपासले जात. दुसरीकडे कित्येक दवाखान्यांत नावासह, पण न विचारता, चाचणी होई; आणि निकाल स्त्रीच्या आधी घरच्यांना कळे. या अनुभवातून संमती आणि समुपदेशनाची पद्धत रुजत गेली. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने चाचणीपूर्वी समजून-उमजून दिलेली संमती बंधनकारक केली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

१७/
कोणी म्हणेल, एका नळीभर रक्ताने काय बिघडते? बिघडते ते असे. डबल मार्कर ही निदान करणारी चाचणी नाही. ती रक्तातील दोन घटक मोजून, वय आणि सोनोग्राफीची मापे यांच्या आधारे, बाळात डाउन सिंड्रोमसारखा दोष असण्याची शक्यता सांगते. उत्तर 'जोखीम जास्त' आले तरी बहुतेक बाळे निरोगी असतात. पण खात्रीसाठी पुढची चाचणी सुईची असते, आणि तीत गर्भपाताचा अल्प धोका असतो. त्यानंतरचा निर्णय त्याहून अवघड. या वाटेवर पाऊल ठेवायचे की नाही, हे पहिल्या नळीच्या आधी विचारायला हवे. अनेक जणी विचारपूर्वक हो म्हणतील. पण विचारले तर पाहिजे.

१८/
आता कागदांचा इतिहास. आपल्या तपासणीचे कागद आपल्याला मिळावेत, हा हक्कही लढूनच मिळाला. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल' या प्रकरणात स्पष्ट केले की, रुग्णाने स्वतःच्या केसपेपरची प्रत मागितली तर रुग्णालयाला गोपनीयतेची सबब सांगता येणार नाही. २००२ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेने मुदतही घातली : मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात. ज्या रुग्णाच्या हाती कागद नाही, त्याला बिलावर वाद घालता येत नाही. म्हणून हा टप्पा मी महत्त्वाचा मानते.

१९/
त्याच आचारसंहितेत आणखी एक नियम आहे, तो थेट आपल्या विषयावरचा. डॉक्टरने आपले शुल्क सेवा देण्यापूर्वी सांगावे. शस्त्रक्रिया किंवा उपचार चालू झाल्यानंतर नव्हे. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली देऊ वा घेऊ नये, असेही ती सांगते. हे नियम कोणा ग्राहक संघटनेने लिहिलेले नाहीत, वैद्यक व्यवसायाच्या स्वतःच्या परिषदेने लिहिलेले आहेत. म्हणजे आधी विचारणे आणि आधी दर सांगणे हा रुग्णाचा हट्ट नसून वैद्यकीचा स्वतःचा धर्म आहे.

२०/
यानंतर येतो या इतिहासातील कळीचा निकाल. मे १९९५ मध्ये दिल्लीतील एक ४४ वर्षांची अविवाहित स्त्री पाळीच्या तक्रारीसाठी रुग्णालयात गेली. दुर्बिणीतून निदान करण्यासाठी तिला भूल देण्यात आली. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. पुढे ती बिल न भरता रुग्णालयातून निघाली. रुग्णालयाकडून पोलिसांत तक्रार झाली, तिच्याकडूनही झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तिची तक्रार फेटाळली. ती सर्वोच्च न्यायालयात गेली.

२१/
१६ जानेवारी २००८ रोजी 'समीरा कोहली' खटल्याचा निकाल लागला. निदानासाठी दिलेली संमती ही उपचारासाठी दिलेली संमती होत नाही. रुग्ण प्रौढ आणि सक्षम असेल तर तिच्याऐवजी आईची संमती चालत नाही. जीव वाचवण्यासाठी विलंब परवडणारच नसेल, एवढाच काय तो अपवाद. भरपाई केवळ २५,००० रुपयांची होती, कारण डॉक्टरचा हेतू न्यायालयाला वाईट दिसला नाही. पण त्याच आदेशात एक गोष्ट होती जी बिलाशी संबंधित आहे : त्या शस्त्रक्रियेचे संपूर्ण शुल्क डॉक्टरला नाकारण्यात आले.

२२/
१९६८च्या निकालाशेजारी हा निकाल ठेवून पाहा. तेव्हा न्यायालयाने विचारले होते, डॉक्टरने काळजीपूर्वक ठरवले काय? आता विचारले, रुग्णाला विचारले काय? चाळीस वर्षांत प्रश्नच बदलला. या निकालाला मर्यादाही आहे. तो शस्त्रक्रियेबद्दल आहे, रक्ततपासणीबद्दल नव्हे. आणि दवाखान्यात जाऊन हात पुढे करणाऱ्या रुग्णाने नेहमीच्या तपासण्यांना मूक होकार दिला, असा युक्तिवाद होऊ शकतो. वाद मग एवढाच उरतो की, 'नेहमीच्या' तपासण्या कोणत्या, आणि ते कोणी ठरवले.

२३/
डॉक्टरांची बाजूही इतिहासाचाच भाग आहे. एखादा दोष सुटला तर खटला होईल, या भीतीने जास्तीच्या तपासण्या लिहिल्या जातात. गर्दीत प्रत्येकीला दहा मिनिटे समजावणे अवघड असते. आणि कमिशनची साखळीही असते. लासलगावला अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे आणि पुण्याचे डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतून 'डिसेंटिंग डायग्नोसिस' हे पुस्तक २०१६ मध्ये आले. अनावश्यक तपासण्यांविषयी आतून बोलणारे ते डॉक्टरच होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

२४/
महासाथीने बिलाचा प्रश्न घराघरांत नेला. २१ मे २०२० रोजी राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील कोविड उपचारांचे दर बांधले : साध्या खाटेला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले गेले. रुग्णालयाचे बिल हे सरकारी तपासणीस पात्र कागद आहे, हे लोकांनी प्रथमच पाहिले. १४ जानेवारी २०२१ रोजी राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. त्यानुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे, आणि तक्रार निवारण कक्ष असणे आवश्यक झाले. हे नियम शुश्रूषागृहांना लागू आहेत. स्वतंत्र प्रयोगशाळेविरुद्ध दाद मागायची तर ग्राहक आयोगाचीच वाट धरावी लागते.

२५/
ती वाटही बंद करण्याचा प्रयत्न झाला. २०१९च्या नव्या ग्राहक कायद्याच्या व्याख्येत 'आरोग्य' हा शब्द नाही, म्हणून डॉक्टर त्यातून सुटले, असा दावा करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. आज तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो, वकील लावणे सक्तीचे नाही आणि मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. मुदत दोन वर्षांची.

२६/
आता पुन्हा सणसवाडी. आम्ही भांडलो नाही. वहिनीच्या सहीने मराठीत एक पानाचे पत्र दिले. चार मागण्या : केसपेपरची प्रत, तिन्ही तपासण्या डॉक्टरांनी लिहिल्याची नोंद, त्यांची संमती आणि तिन्ही रिपोर्ट. पोच घेतली. चौथ्या दिवशी कागद मिळाले. थायरॉइड आणि थॅलेसेमिया केसपेपरवर डॉक्टरांच्या हस्ताक्षरात होते. त्यांनी आम्हाला बसवून त्यांची गरजही समजावली. ती पटली आणि ते पैसे आम्ही भरले. डबल मार्करची नोंद कुठेही नव्हती. संमती म्हणून दाखवला तो नावनोंदणीच्या वेळचा इंग्रजी छापील कागद. त्यावर वहिनीची मराठी सही. ३,१०० रुपये बिलातून वजा झाले. माफी कोणी मागितली नाही.

२७/
रिपोर्ट ठीक होता. पण तो हातात घेताना वहिनीने जे विचारले ते माझ्या मनातून जात नाही : "ताई, ह्यात काही वाईट निघालं असतं, तर ते आधी मला सांगितलं असतं की तुझ्या दादाला?" पैशांचा वाद मिटला होता. तिचा प्रश्न मात्र थेट कलम ५चा होता, आणि ते कलम तिने कधी वाचलेले नव्हते.

२८/
थोडक्यात. १९२९ने विचारले, खर्च कोणाचा? १९८८ आणि १९९४ने म्हटले, होकार तिचा. १९९५ने तिला ग्राहक मानले, १९९६ने कागद दिले, २००८ने होकाराविना केलेल्या कामाचे शुल्क नाकारले, २०२१ने दर भिंतीवर लावायला सांगितले. यांतील एकही पायरी आपोआप आली नाही. प्रत्येकीमागे पुण्या-मुंबईची एखादी चळवळ, दौंडचा एखादा बाप, एखादी बिल न भरता निघालेली बाई आहे. तुमच्या घरात कोणी गर्भवती असेल, तर रक्त देण्याआधी एक वाक्य म्हणायला तिला सांगा : "ही तपासणी कसली, कशासाठी आणि कितीची?" धागा समाप्त.